कापणी यंत्राची बोटे

विळ्याने गहू कापणाऱ्या माणसाकडे पाहताना आपली नजर त्याच्या उजव्या हातावर खिळते, कारण विळा त्या हातात असतो. पण कापणीचे निम्मे काम डावा हात करत असतो. तो काड्यांची मूठ पकडतो, ती किंचित ताणून धरतो, आणि मगच विळा ओढला जातो. मूठ न धरता विळा नुसता काड्यांवर टेकवून हळू ढकलला, तर काय होते ते एकदा अवश्य करून पाहा. काड्या वाकतात, विळ्यापुढे आडव्या होतात आणि विळा पुढे गेला की पुन्हा उभ्या राहतात.

आम्हाला हे कळले ते फजिती झाल्यावर. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही कापणी यंत्राची प्रतिकृती करायला घेतली होती. लाकडी चौकट, मुलांच्या तीनचाकी सायकलची चाके, आणि चाक फिरले की डावी-उजवीकडे सरकणारे हॅकसॉचे सरळ पाते. शाळेमागच्या गुडघाभर गवतात ते यंत्र मोठ्या उत्साहाने ढकलले. गवत नम्रपणे वाकले, यंत्र त्यावरून गेले, आणि मागे पाहिले तर गवत जवळजवळ जसेच्या तसे! घरी शेती असलेले एक शिक्षक हसून म्हणाले, "सर, डावा हात बसवायचा राहिला." एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतले यंत्र बनवणारे लोक याच डाव्या हातापाशी अडकले होते. घोडा यंत्र ओढू शकत होता, चाक पाते हलवू शकत होते. काडीला धरायचे कोणी, हा प्रश्न होता.

प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर वेगाचे. काडीला स्वतःचे वस्तुमान आहे, म्हणून जडत्वही आहे. पाते पुरेशा वेगाने आदळले तर काडीला वाकायला वेळच मिळत नाही आणि ती कापली जाते. युरोपातला शेतकरी लांब दांड्याचा मोठा विळा दोन्ही हातांनी झोकात फिरवतो, तेथे मूठ धरलेली नसते. जडत्वच डाव्या हाताचे काम करते. दुसरे उत्तर आधाराचे. काडीच्या एका बाजूला न हलणारा आधार ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने पाते आणायचे, म्हणजे कात्री. कात्रीला वेग लागत नाही.

सुरुवातीचे बरेच प्रयत्न पहिल्या उत्तराचे होते. जोसेफ बॉइसने १८०० साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात गोल फिरणारी पाती होती. स्कॉटलंडमधल्या डीनस्टनच्या जेम्स स्मिथने १८११च्या सुमारास फिरत्या पिंपाच्या कडेला पाती बसवली. कल्पना चुकीची नव्हती, शक्ती अपुरी होती. आजची गोल पात्याची गवत कापणारी यंत्रे पात्याचे टोक सेकंदाला ५० मीटरहून अधिक वेगाने फिरवतात. घोडा चालतो सेकंदाला जेमतेम एक मीटर. खडबडीत शेतातून जाणाऱ्या, लाकूड आणि ओतीव लोखंडाच्या गाड्यात हा वेग इतक्या पटींनी वाढवणे त्या काळी शक्य नव्हते.

आणखी एक तिसरीच वाट होती आणि ती फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात गॉल प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या, एका गाड्याचे वर्णन केले आहे. दोन चाकांची पेटी, तिच्या पुढच्या कडेला फणीसारखे दात, आणि मागून ढकलणारे जनावर. दातांच्या फटीत काडी शिरायची आणि ओंबी तुटून पेटीत पडायची. कापणे नाहीच, ओरबाडणे. ओंबी कोरडी ठणठणीत असेल तरच हे जमते. इंग्लंडच्या दमट हवेत त्याचा उपयोग नव्हता. परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या उन्हाळ्यात जॉन रिडलीने १८४३ साली याच तत्त्वावरचे यंत्र यशस्वी केले, आणि कल्पना त्या रोमन वर्णनावरूनच सुचल्याचे सांगितले. यंत्र चांगले की वाईट हे हवामान सोडून ठरवता येत नाही, याचे इतके सुबक उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही.

आता कात्रीकडे वळू. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँड परगण्यात हेन्री ऑगल नावाचे एक शाळामास्तर होते. (या मासिकाच्या वाचकांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटायला हरकत नाही.) त्यांनी १८२२ साली एक नमुना तयार केला. त्यात पुढे रोखलेल्या लोखंडी दातांची रांग होती आणि त्या दातांलगत डावी-उजवीकडे सरकणारे पाते होते. काडी दोन दातांच्या मध्ये शिरते, पाते तिला दाताकडे ढकलते, दात तिला वाकू देत नाही, काडी कापली जाते. डावा हात सापडला होता! ब्राउन नावाच्या कारखानदाराने ते यंत्र मोठ्या आकारात बांधले. पण हे पुढे चालवाल तर जिवाला मुकाल, अशी धमकी काही मजुरांनी ब्राउनला दिली आणि काम तेथेच थांबले. मजुरांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नये. सुगीच्या काही आठवड्यांत त्यांना वर्षातली सर्वांत चांगली मजुरी मिळे, आणि हिवाळा त्यावर निघे. मळणीचे यंत्र आल्यावर हिवाळ्यातले काम कसे गेले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८३० साली दक्षिण इंग्लंडमध्ये मजुरांनी शेकडो मळणी यंत्रे फोडली, ती याच कारणाने.

स्कॉटलंडच्या पॅट्रिक बेलची गोष्ट मुलांना हमखास आवडते. हा शेतकऱ्याचा मुलगा धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. यंत्राची पहिली चाचणी कोणी पाहू नये म्हणून त्याने कोठाराच्या जमिनीवर मातीचा थर पसरला, त्यात ओटच्या काड्या एकेक करून हाताने रोवल्या, दार लावून घेतले आणि यंत्र त्या 'शेतातून' ढकलले. पुढे १८२८च्या हंगामात, रात्री सगळे झोपल्यावर, भावाला सोबत घेऊन त्याने ते खऱ्या शेतात नेले. बेलच्या यंत्रात डझनभर कात्र्या एका ओळीत होत्या. वर फिरणारा लाकडी रहाट उभ्या काड्यांना कात्र्यांकडे झुकवायचा, आणि कापलेले पीक कॅनव्हासच्या फिरत्या पट्ट्यावरून बाजूला पडायचे. बेलने पेटंट घेतले नाही; ज्याला हवे त्याने बनवावे अशी त्याची इच्छा होती. यंत्र चांगले चालले, पण फारसे पसरले नाही. ते जड होते, प्रत्येक कात्रीची धार आणि सांधा वेगळा सांभाळावा लागे. आणि पीक तुडवले जाऊ नये म्हणून घोडे मागे जुंपून ते ढकलावे लागे. ढकलगाडी सरळ नेणे ओढगाडीपेक्षा किती अवघड असते, हे वर्गात दोरी आणि काठी घेऊन सहज दाखवता येईल.

घोडे पुढे असावेत पण पिकात नसावेत, यावरचा तोडगा अमेरिकेत रुजला. तेथे जमीन भरपूर आणि मजूर थोडे होते. पिकलेला गहू जेमतेम दहा दिवस शेतात थांबतो, नंतर दाणे झडू लागतात. तेव्हा किती पेरायचे हे जमिनीवर नव्हे, दहा दिवसांत किती कापता येईल यावर ठरत असे. व्हर्जिनियातल्या सायरस मॅक्कॉर्मिकने १८३१ साली शेजाऱ्यांसमोर आपले यंत्र चालवले आणि १८३४ साली पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात पाते चौकटीच्या उजवीकडे बाहेर काढलेले होते. घोडे डावीकडच्या, आधीच कापलेल्या पट्ट्यातून चालत. पाते त्यांच्या बाजूने उभ्या पिकात शिरे. अर्थात यातून नवी अडचण निघाली. ओढ एका बाजूला, विरोध दुसऱ्या बाजूला. म्हणजे यंत्राला फिरवणारे आघूर्ण तयार झाले. एका चाकाला खीळ घातलेली बैलगाडी ओढून पाहिली तर ती कशी वळू पाहते, तसेच हे. पात्याच्या बाहेरच्या टोकाला लहान चाक देणे आणि जुंपणीची जागा बदलणे, असे उपाय त्यावर हळूहळू होत गेले.

मॅक्कॉर्मिकचे नाव पाठ्यपुस्तकांत एकट्याचे येते, ते आम्हाला खटकते. त्याचे वडील रॉबर्ट यांनी अनेक वर्षे कापणी यंत्रावर धडपड केली होती. आणि यंत्र घडवताना त्याच्याबरोबर जो अँडरसन नावाचा माणूस राबत होता. अँडरसन मॅक्कॉर्मिक कुटुंबाचा गुलाम होता. त्यात त्याच्या डोक्यातून आले किती आणि हातातून किती, हे वेगळे काढायचा मार्ग त्या काळच्या कायद्याने ठेवला नाही. गुलामाने लावलेल्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही, असे मत अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने १८५८ साली लेखी दिले.

दुसरा मोठा मानकरी ओबेड हसी हा एके काळचा खलाशी. त्याने १८३३च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यात आपले यंत्र चालवून दाखवले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पेटंट मिळवले, म्हणजे मॅक्कॉर्मिकच्या काही महिने आधी. मॅक्कॉर्मिकचे पाते सरळ होते, विळ्यासारखे बारीक दातेरी. हसीने एका लोखंडी पट्टीवर त्रिकोणी पाती शेजारी शेजारी रिव्हेटने बसवली, आणि ती पट्टी बोटांसारख्या पुढे आलेल्या लोखंडी रक्षकांच्या खाचांतून सरकवली. हे डोळ्यांपुढे येत नसेल तर केशकर्तनालयातले केस कापायचे मशीन आठवा. खालची फणी स्थिर, वरची सरकती. काडी बोटाच्या वर आणि खाली अशी दोन ठिकाणी टेकते आणि पाते मधून जाते. दोन्ही बाजूंनी आधार असल्याने ती वाकून निसटू शकत नाही. एक त्रिकोण बोथट झाला किंवा दगडाने मोडला तर तेवढाच काढून बदलता येतो, ही सोय शेतकऱ्याला धारेइतकीच महत्त्वाची वाटली असणार.

तरीही यंत्र अडायचे. सकाळी दव असताना, किंवा पिकात हिरवे तण असताना, ओले तंतू पाते आणि खाच यांच्या मधल्या फटीत ओढले जात. खाच मागून बंद असल्यामुळे ते तेथेच ठासले जात, पाते जड होई आणि शेवटी थांबे. हसीने १८४७ साली जी सुधारणा केली ती कागदावर अगदी किरकोळ दिसते: त्याने बोटाची खाच वरून आणि मागून उघडी ठेवली. आत शिरलेला कचरा पात्याच्या पुढच्याच हेलकाव्याने मागे बाहेर पडू लागला. नवा भाग एकही नाही, उलट थोडे लोखंड कमी झाले. आमच्या मते कापणी यंत्राच्या सगळ्या इतिहासात ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे, आणि हसीचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

पाते अडल्यावर सगळे यंत्र का थांबे, हे समजायला थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी आम्ही धरले आहेत. घोड्यांची चाल ताशी ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.१ मीटर. मुख्य चाकाचा व्यास १ मीटर, म्हणजे परीघ ३.१४ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला ०.३५ फेरे घेते. त्रिकोणी पाते साधारण ७.५ सेंटिमीटर रुंद आहे. ते एकदा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत यंत्र ७ सेंटिमीटरहून फार पुढे जाता कामा नये. गेले तर मधल्या काड्या कापल्या न जाता पुढे ढकलल्या जातील. ११० भागिले ७, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ सरक. पाते हलवणारी भुजा एका फेऱ्यात दोन सरक देते, तेव्हा तिला सेकंदाला ८ फेरे हवेत. चाकाचे ०.३५ आणि भुजेचे ८. म्हणजे दातेरी चाकांनी फेरे सुमारे २३ पट वाढवले पाहिजेत.

याची किंमत बलात मोजावी लागते. भुजेची त्रिज्या ३.७५ सेंटिमीटर धरा आणि हिशेब उलटा करा. घर्षण सोडून दिले तरी पात्यावर १० किलोंचा विरोध आला की चाकाच्या धावेवर सुमारे १७ किलोंचा जोर लागतो. पाते कचऱ्यात रुतून विरोध ६० किलोंवर गेला, तर धावेला १०० किलोंहून जास्त पकड हवी. ओल्या मातीवर चाक तेवढी पकड देत नाही. ते फिरायचे सोडून घसरत जाते, आणि चाक फिरले नाही की पातेही हलत नाही. म्हणून मुख्य चाक रुंद, जड आणि धावेवर आडव्या पट्ट्या मारलेले असे. यंत्र हलके केले तर घोड्यांना बरे, पण मग पकड जाते. शिवाय घोडे पिकात थांबले की पाते थांबे आणि पुन्हा निघताना पहिल्याच पावलाला काड्या अडकत. अनुभवी चालक यंत्र दोन हात मागे घेई, आणि पिकात शिरण्याआधी पात्याला वेग येऊ देई. संथ चालीच्या बैलांना हे यंत्र का मानवत नसे, तेही वरच्या गणितात घोड्यांच्या जागी बैल घालून मुलांना काढता येईल.

१८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात ही दोन्ही अमेरिकन यंत्रे आली. 'द टाइम्स'ने मॅक्कॉर्मिकच्या यंत्राची आधी यथेच्छ थट्टा केली. मग जुलैमध्ये एसेक्समधल्या एका शेतात चाचणी झाली. गहू हिरवट आणि ओला होता. हसी स्वतः तेथे नव्हता. त्याचे यंत्र अननुभवी हातांत होते आणि ते तुंबले. मॅक्कॉर्मिकचे चालले, आणि प्रदर्शनाचे मोठे पदक त्याला मिळाले. सप्टेंबरमध्ये हसी इंग्लंडला येऊन पोचला, आणि उत्तरेकडे मिडल्सबरोजवळ झालेल्या चाचणीत शेतकऱ्यांच्या पंचांनी त्याच्या यंत्राच्या बाजूने कौल दिला. जी चाचणी आधी झाली तिची प्रसिद्धी टिकली. तांत्रिक निकाल मात्र वेगळा लागला: पुढच्या काळात सगळ्यांनी, मॅक्कॉर्मिकनेही, त्रिकोणी पाती आणि उघडी बोटे स्वीकारली. दुसरीकडे हसीनेही रहाट वापरायचे बराच काळ टाळले, ही त्याची चूक होती. पेटंटांवरून कोर्टकज्जेही पुष्कळ झाले. १८५५ सालच्या मॅक्कॉर्मिक विरुद्ध मॅनी या खटल्यात मॅनीच्या बाजूच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते, जरी त्यांना कोर्टात बोलायची संधी मिळाली नाही.

कापण्याचा प्रश्न सुटला तसा तुंबारा दुसरीकडे सरकला. विळ्याने एक माणूस दिवसाला अर्धा-पाऊण एकर कापी. दोन घोड्यांचे यंत्र दहा-बारा एकर कापू लागले. पण फळीवर साचलेले पीक एक माणूस दाताळ्याने खाली ओढणार, आणि मागून पाच-सहा माणसे वाकून पेंढ्या बांधणार. यंत्र थकत नसे, त्यामागे धावणारी माणसे थकत. इलिनॉय राज्यातल्या मार्श बंधूंनी १८५८ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात कापलेले पीक कॅनव्हासच्या पट्ट्यावरून मोठ्या चाकाच्या वर चढून एका मेजावर येऊ लागले. बांधणारे दोघे यंत्रावरच उभे राहिले. कंबर वाकवणे आणि चालणे वाचले एवढ्यानेच दोघे चौघांचे काम करू लागले.

पुढची पायरी बांधणाऱ्या हाताची. १८७०च्या दशकात तारेने पेंढी आवळणारी यंत्रे आली, कारण तारेला पीळ देणे यंत्राला सोपे असते. पण तारेचे तुकडे कडब्यातून गुरांच्या पोटात आणि धान्यातून पीठगिरण्यांत जाऊ लागले, आणि शेतकरी व गिरणीवाले दोघेही वैतागले. सुतळी हवी होती, आणि सुतळीला गाठ मारावी लागते. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीला पहिली कल्पना १८५८ साली, अठराव्या वर्षी सुचली होती. पक्के यंत्र तयार होऊन पेटंट मिळायला १८७८ उजाडले. विल्यम डीअरिंगने १८८०च्या हंगामासाठी अशी सुमारे ३००० यंत्रे बाजारात आणली, आणि तारेची यंत्रे काही वर्षांत मागे पडली.

ॲपलबीच्या यंत्रात गाठ मारते ती पक्ष्याच्या चोचीसारखी दिसणारी एक लहान लोखंडी आकडी. तिची करामत वर्गात हाताने करता येते. सुतळीची दोन टोके एकत्र धरा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट जुळवून त्यांभोवती ही दुहेरी सुतळी एक फेरा गुंडाळा. आता बोटांची टोके उघडा, सुतळीची पुढची टोके त्यांत चिमटीसारखी पकडा, आणि डाव्या हाताने फेरा बोटांवरून पुढे सरकवून काढून टाका. गाठ तयार! यंत्रात बोटे म्हणजे ती चोच. ती एक गिरकी घेते, तोंड उघडते, सुतळी पकडते, आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या पेंढीच्या ओढीनेच फेरा चोचीवरून निसटतो. कडब्याचे चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या आजच्या यंत्रांतही हीच चोच असते.

आणि हसीची बोटे पाहायची असतील तर फार लांब जायला नको. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या सुगीत आपल्याकडे हार्वेस्टर येतात, त्यांतले बरेच पंजाबातून येतात. इंजिन बंद असताना, चालकाला विचारून, मुलांना त्याच्या पुढच्या कडेशी न्या. रहाटाच्या खाली लोखंडी बोटांची रांग दिसेल, आणि त्यांच्या खाचांत रिव्हेटने किंवा बोल्टने बसवलेली त्रिकोणी पाती. हात न लावता दोन बोटांमधले अंतर अंदाजे मोजायला सांगा. ते बहुधा साडेसात सेंटिमीटरच्या आसपास भरेल.